मामा तलावाचे हकदार

गोंदिया जिल्ह्यात निसर्ग पाहावयास येणारा प्रवासी बहुधा नवेगावबांधला उतरतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे नाही. डोंगरांच्या कुशीत पसरलेला तो अफाट जलाशय. अठराव्या शतकाच्या आरंभी तो बांधणारा म्हणून ज्याचे नाव परंपरेने चालत आले आणि पुढे ज्यास लोकांनी कोलासुर म्हणून देवत्व दिले तो कोलू पाटील कोहळी. १९७५ साली परिसरास लाभलेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी या नात्याने तेथे घालविलेल्या काळावर लिहिलेले ‘नवेगावबांधचे दिवस’. आणि २०१३ साली नवेगाव व नागझिरा ही अरण्ये एका सूत्रात गोवून घोषित झालेला व्याघ्र प्रकल्प, एवढी सामग्री एके ठिकाणी जमली असता पाहुण्याने अन्यत्र का जावे? परंतु ज्यास अबाधित निसर्ग पाहण्याची तितकीशी हौस नाही आणि बिघडलेले पाणी पुन्हा मार्गावर कसे येते हे पाहण्याची मात्र जिज्ञासा आहे, त्याने याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एखाद्या लहानशा मामा तलावाची वाट धरावी. माजी मालगुजारी, म्हणजे एके काळी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातील, तलावांचे ‘मामा तलाव’ हे रूप सरकारी दप्तराने लेखणी वाचविण्यासाठी काढले असावे. लोकांनी ते विनातक्रार स्वीकारले.

अशाच एका तलावाच्या पाळीवर आश्विनातील एका सकाळी मी दोन स्नेह्यांच्या सोबतीने उभा होतो. त्यांपैकी एक महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले; त्यांस सारा गाव रावसाहेब म्हणतो. दुसरे कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. दोघांची मैत्री जुनी, आणि मतभेद मैत्रीहूनही जुने. तलाव आम्हांस दाखविण्याची कल्पना गुरुजींची होती. रावसाहेब आले ते, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, मौका-चौकशीसाठी.

पाळीवरून दृष्टी टाकली म्हणजे पाण्याचे तीन पट्टे स्पष्ट दिसत. पाळीच्या पायथ्याशी, तुडुमाच्या म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीच्या अंगाला, खोल आणि काळसर पाणी. त्यापलीकडे कुमुदाची तरंगती पाने व त्यांवर उमललेली पांढरी फुले, आणि पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत पाण्याखाली डोलणारी हायड्रिलाची हिरवी जाळी. आणि अगदी पलीकडे, जेथे तलावाचा तळ हळूहळू चढत जाऊन माळाशी एकरूप होतो, तेथे गुडघाभर पाण्यात उभे असलेले देवधान. मात्र ईशान्येच्या कोपऱ्यात, जेथवर अद्याप हात पोहोचला नव्हता, तेथे बेशरमीचे रान फिकट जांभळी फुले मिरवीत उभे होते. काही वर्षांपूर्वी अवघा तलाव या कोपऱ्यासारखाच होता, असे गुरुजी म्हणाले. ढीवरांच्या मच्छीमार संस्थेने उन्हाळ्यात उतरून बेशरम मुळासकट उपटली, उघडा पडलेला तळ नांगरून घेतला आणि मृगाच्या पाठोपाठ शेजारच्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पतींची रोपे व कंद चिखलात लावले. या भागात असल्या कामास चालना दिली ती मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, आणि त्यातील मर्म असे की कोणती वनस्पती कोठे, किती खोलीवर व कोणत्या माशासाठी लावावी हे ठरविताना ढीवरांच्या अनुभवास ग्रंथाच्या बरोबरीचे प्रमाण मानले गेले.

रावसाहेबांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले, छत्रीचे टोक पाळीच्या मातीत रोवले आणि आपला पहिला आक्षेप दाखल केला.

“गुरुजी, तुम्ही यास निसर्गाचे पुनरुज्जीवन म्हणता. मला आधी हे सांगा, की येथे निसर्ग होता केव्हा? ही पाळ माणसाने घातली. हा तुडूम माणसाने बसविला. पाळ नव्हती तेव्हा येथे एक ओढा वाहत असेल आणि त्याच्या दोन्ही काठांस ऐन, मोह आणि कहू उभे असतील. ते अरण्य बुडवून कोहळ्यांनी तलाव केला. तेव्हा पूर्वस्थितीच आणावयाची असेल तर तिचा प्रामाणिक मार्ग एकच, पाळ फोडा! ते तुम्ही करणार नाही. म्हणजे इतिहासातला तुमच्या सोयीचा एक मुक्काम तुम्ही निवडता आणि त्यास निसर्ग असे नाव देता.”

“निवडतो खरा,” गुरुजी म्हणाले, “आणि ते मी लपवीत नाही. परंतु दोन-तीनशे वर्षे ज्या पाण्याने धान पिकविले, ज्याच्या भोवती मासे, पक्षी आणि माणसे यांनी आपापले संसार थाटले, ते पाणी माणसाने अडविले एवढ्यावरून निसर्गाच्या बाहेरचे ठरत नाही. तलाव कोहळ्यांनी बांधला. कमळ, कुमुद, शेवाळे आणि देवधान यांस कोणी निमंत्रणपत्रिका धाडल्या नव्हत्या. ती या खोऱ्यातल्या डबक्यांतून, नाल्यांच्या डोहांतून आपसूक आली आणि राहिली.”

“बेशरमही आपसूकच आली.”

“ती आपसूक आली नाही. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. कुंपणास बरी आणि गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून लोकांनी ती हाताने लावली. तुटलेली कांडी चिखलात पडली की तेथे मूळ धरते. कोरड्यात तगते, पाण्यातही तगते.”

“मग तिचा अपराध काय?” रावसाहेबांच्या मुद्रेवर आता जुन्या कचेरीची कळा आली. “माझी हयात अतिक्रमणांच्या प्रकरणांत गेली, गुरुजी. एखादा इसम सरकारी पडीतावर पन्नास वर्षे नांदला, तेथे त्याची मुलेबाळे झाली, म्हणजे त्यास उठविताना कायदासुद्धा दहादा विचार करतो. वहिवाटीस काही मोल असते. बेशरमीची येथली वहिवाट आता कैक दशकांची आहे. आणि परदेशी म्हणून हाकलावयाचे म्हटले, तर आपल्या ताटातली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, बटाटा आला, टोमॅटो आला, सीताफळ आले. त्यांस आपण नागरिकत्वाचे दाखले देऊन चुकलो. या एका झुडपावरच हा बेदखलीचा हुकूम का?”

आक्षेप पोकळ नव्हता. देशी वनस्पतींचा पुरस्कार करणाऱ्यांच्या भाषेत कधी कधी कुळाची शुद्धता तपासणाऱ्याचा दर्प येतो, आणि ज्या देशात माणसांविषयीही ती तपासणी फार झाली, तेथे झाडांच्या बाबतीत तरी ती जपून वापरलेली बरी. गुरुजींनी हा धोका ओळखला असावा. कारण त्यांनी उगमाचा मुद्दा तेथेच सोडून दिला.

“वहिवाटीचीच गोष्ट काढलीत तर तुमच्याच दप्तराने हिशेब करू. जमीन धारण करणारा सारा भरतो की नाही? मिरची भरते, सीताफळ भरते. बेशरम काय भरते ते पाहा. गाय तिला खात नाही, आणि शेळीने भुकेपोटी खाल्ली तर तिला विषबाधा होते. तिच्या दाट कांड्यांत गाळ अडकतो आणि तलाव कडेकडून उथळ होत जातो. तिच्या गर्दीत जाळे टाकता येत नाही, आणि टाकावे असे तेथे काही उरतही नाही. आता या कुमुदाकडे पाहा. त्याच्या पानावर कमळपक्षी अंडी घालतो. मरळ माशाची जोडी पाणवनस्पतींच्या गचपणात थोडी जागा मोकळी करते, तेथे अंडी तरंगत ठेवते, आणि पिले मोठी होईतो बापही त्यांची राखण करतो. हायड्रिलाच्या जाळीत झिंगे राहतात, गोगलगायी राहतात, माशांची पिले लपतात. उथळ पाण्यातल्या लव्हाळ्याच्या जातीस जमिनीत लहान कंद येतात, आणि सारस आपली लांब चोच चिखलात खुपसून ते उकरून खातो. बैलाच्या श्रमाचे अन्न ज्या व्रतास वर्ज्य, त्या ऋषिपंचमीस हे न पेरलेले, न नांगरलेले देवधान चालते. येथे प्रत्येकजण दुसऱ्या कोणाचे काही देणे लागतो. बेशरम कोणाचेच काही लागत नाही. तिची जात मी विचारीतच नाही. तिचा भरणा विचारतो.”

“सारसाचे नाव तुम्ही घेणार हे मी जाणून होतो,” रावसाहेब किंचित हसून म्हणाले.

गोंदियात सारसाचे नाव टाळणे अवघडच आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, माणसाच्या खांद्याशी खांदा लावील असा हा पक्षी महाराष्ट्रात आज मुख्यतः या एका जिल्ह्याच्या आश्रयाने उरला आहे; परसवाडा, झिलमिली अशा तलावांवर आणि त्यांच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांत त्याच्या मोजक्या जोड्या आढळतात. त्याच्या ऱ्हासाची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली, आणि गोंदियाच्या ‘सेवा’ या संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे शेतकऱ्यांच्या मदतीने त्याच्या घरट्यांची राखण करीत आले आहेत. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे झाले म्हणजे तेवढ्या जागेचे पीक जाते. तरी अनेक शेतकरी ते मोडीत नाहीत. एवढा भरणा तर सारससुद्धा वसूल करतो, असे मी मध्येच म्हणालो. पण दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केले.

“कवित्व पुरे,” रावसाहेबांनी पुढचा कागद उलगडावा तसा पुढचा मुद्दा काढला. “ढीवराचे पोट सारसावर भरत नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुलला हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन टोचून माशांस बंदिस्त जागी अंडी घालावयास लाविले, आणि तेव्हापासून कतला, रोहू, मृगळ यांचे बीज देशभर मिळू लागले. एरवी नदीच्या पुरात शोधावे लागणारे बीज आता पिशवीत भरून येते. पुढे १९५९ साली चिनी गवत्या मासा आणला, तोही पाणवनस्पती खाऊन झपाट्याने वाढतो म्हणून. सरकारने मत्स्योत्पादन वाढविले ते या मार्गाने. तुम्ही वनस्पती लावता. मी मासे मोजतो.”

“मोजा. परंतु कोणते मोजता? बाजारात तोलून विकले जातात ते. विकत घेतलेल्या बीजावर वाढणारा मासा दरसाल नव्याने विकत घ्यावा लागतो, कारण तुमचा कतला साचलेल्या तलावात आपणहून पिले देत नाही. मरळ, मांगूर आणि बारीकसारीक मासोळ्या देतात. त्यांस बीजाचा खर्च नाही, फक्त निवारा हवा. गवत्या सोडला की पहिल्यांदा तो निवाराच फस्त होतो. मग पाणी उघडे पडते, आणि उघड्या कडेवर बेशरम चढते. बीजाची पिशवी, गवत्या आणि बेशरम ही तीन प्रकरणे तुमच्या दप्तरात तीन खात्यांकडे असतील. या पाण्यात ते एकच प्रकरण आहे.”

यावर रावसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. पाळीवरून चालत आम्ही तुडुमापाशी आलो. दगडी बांधणी जागजागी निखळलेली होती, आणि खालच्या बांध्यांत लोंबीवर आलेले धान वाऱ्याने एका बाजूस कलले होते. त्यांचे खरे म्हणणे पुढे आले ते येथे. पूर्वीचे सर्व बहुधा प्रस्तावना होती.

“तुम्ही रोगाचे नाव चुकीचे सांगता, गुरुजी. बेशरम हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. मालगुजारीच्या काळी प्रत्येक गावचे वाजिब-उल-अर्ज असे. गावाच्या वहिवाटी त्यात लिहिलेल्या असत. पाणी, चराई, जळण यांवर कोणाचा काय हक्क, हे त्यावरून कळे. पाणी वाटावयास पाणकर असे. पाळीवर झुडूप उगवले तर ते कोणी काढावयाचे, सांडव्याचा दगड निखळला तर कोणी बसवावयाचा, यास गावात उत्तर असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ साली तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचे, म्हणजे गावाच्या सामाईक वापराचे, हक्क कागदावर राहिले, पण निस्ताराची कर्तव्ये कोणाच्या नावे लिहावयाची ते कोणास सुचले नाही. मग शंभर हेक्टरांखालचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचे पाटबंधारे खात्याकडे, मासळीचा ठेका तिसऱ्याकडे, गाळपेऱ्याची जमीन चौथ्याकडे. तलाव सर्वांचा झाला, म्हणजे झाडावयाचा कोणीच राहिला नाही. त्या रिकाम्या जागेत बेशरम आली. उद्या तुम्ही अवघी उपटलीत तरी जागा रिकामीच असेल तर ती पुन्हा येईल. कुमुद परत लावाल; धनी कोठून लावाल?”

माझ्या मते त्या सकाळी उच्चारलेले हे सर्वांत वजनदार वाक्य होते. ठिकठिकाणी उभारलेली देशी वृक्षांची उद्याने फलकांसकट दोन-चार वर्षांत का सुकतात, याचा उलगडाही त्यात होता.

गुरुजी मात्र धनी या शब्दावर अडले. “मालगुजाराचा काळ तुम्ही फार सोज्वळ करून सांगता. वाजिब-उल-अर्जात ज्यांचे शब्द उतरले ते गावचे बडे लोक. पाळीवर माती टाकणाऱ्यांतल्या किती जणांस त्या मातीचा मोबदला मिळाला, आणि किती जण वेठीने राबले? ढीवर तर पाण्याच्या कडेला राहून पाण्याबाहेरचेच. मालगुजाराची मर्जी असे तोवर जाळे. तो धनी मला परत नको. झुडूप काढणारा हात मात्र हवा, आणि तो ज्याचे पोट या पाण्यावर आहे त्याचाच असू शकतो. म्हणून हे काम वनखात्याने केले नाही, महाविद्यालयाने केले नाही, मच्छीमारांच्या संस्थेने केले. तुम्हांस रिकामी दिसणारी जागा त्यांनी भरली आहे.”

“ठेक्याची मुदत संपेपर्यंत,” रावसाहेब म्हणाले.

संस्थेच्या सभासद असलेल्या एक ढीवरीण बाई याच सुमारास खांद्यावर जाळे घेऊन पाळीवर चढल्या. गुरुजींनी त्यांस मोठ्या उत्साहाने साक्षीस बोलाविले, आणि ही साक्ष सर्वस्वी आपल्या बाजूने पडेल अशी त्यांची खात्री असावी.

“कतला-रोहूचं बीज आमी टाकतोच जी,” बाई म्हणाल्या, तेव्हा रावसाहेबांची छत्री आनंदाने हलली. “संस्थेत पैसा त्याचाच येते. पन घरच्या ताटातली मासोळी या पाल्यात होते. दोनी पायजे. गवत्या मातर आमी टाकू देत नाई; थो समदा पाला खाऊन टाकते. अन् पावसायात, मासोळी अंड्यावर असते तवा, त्या बाजूले जाळं टाकाचं नाई, असं ठरवलं हाय.”

“कोणी ठरविले?” रावसाहेबांनी विचारले.

“आमी बसलो, ठरवलं.”

“लिहून ठेवले आहे?”

“संस्थेच्या वहीत हाय.”

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. नवे वाजिब-उल-अर्ज एका शाळकरी वहीत लिहिले जात आहे, आणि ते लिहिणाऱ्यांत जुन्या अर्जात ज्यांस जागा नव्हती त्या बायका आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. पण तोंडाने ते कबूल करणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते.

बाईंना मात्र दोघांच्या वादात रस नव्हता. त्यांची चिंता वेगळीच निघाली. उन्हाळ्यात गाळ काढावयास यंत्र येणार, असे गावात बोलले जात होते. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही २०१७ पासूनची योजना या मुलखास तत्त्वतः हितकारकच आहे. गाळाने उथळ झालेल्या तलावांची खोली वाढते आणि तो सुपीक गाळ बांध्यांत पडतो. परंतु यंत्रास तळाचा एक भाग दुसऱ्याहून वेगळा दिसत नाही. “समदीकडंच खोदलं तं लावलेला पाला जाते,” बाई म्हणाल्या, “अन् नाईच खोदलं तं उन्हायात पानी नाई राहत. कोनाले सांगाचं?”

या प्रश्नाने विलक्षण परिणाम केला. अर्धा दिवस एकमेकांची वाक्ये खोडणारे ते दोन गृहस्थ एकाएकी एकाच नकाशावर वाकले. रावसाहेबांनी छत्रीच्या टोकाने पाळीवरच्या धुळीत तलावाची आकृती काढली. जुन्या काळी दुष्काळी वर्षांत शेतकरी गाळ नेत तो तुडुमाजवळच्या खोलगट भागातून, असे ते म्हणाले. गुरुजींनी लगेच दाखविले, की तेथेच खोदल्यास उन्हाळ्यात माशांस डोह राहील, आणि पलीकडच्या उथळ पट्ट्यातील वरचा चिखल, ज्यात सर्व कंद आणि मुळे निजलेली असतात, तो अबाधित राहील. ईशान्येच्या कोपऱ्यातील बेशरमीवर मात्र यंत्र खुशाल चालवावे. तेथे ते मुळासकट काढील, फक्त काढलेल्या कांड्या गाळाबरोबर कोणाच्या शेतात जाता कामा नयेत. या शेवटच्या सूचनेचे श्रेय बाईंकडे जाते. ती दोघांपैकी एकासही सुचली नव्हती.

उरला तो अर्ज. तो रावसाहेबांनीच लिहावा यावर एकमत होते, कारण कचेरीस कळणारी मराठी त्या पाळीवर दुसऱ्या कोणास येत नव्हती. त्यांनी खिशातून कागद काढला, संस्थेच्या वहीचा आधार घेतला आणि तेथेच विषय लिहिला : तलावातील गाळ उपसतेवेळी मत्स्यप्रजनन क्षेत्र वगळणेबाबत.

गुरुजी वाचून नाराज झाले. “यात वनस्पतींचा उल्लेखच नाही. आपण जे वाचवितो आहोत त्याचेच नाव नाही.”

“वनस्पतींचा रकाना कोणत्याही नमुन्यात नाही, गुरुजी. मासळीचा आहे. मासळीचे उत्पन्न आहे, उत्पन्नास लेखाशीर्ष आहे. वनस्पतींसाठी अर्ज केलात तर तो वनखात्याकडे अभिप्रायार्थ जाईल आणि तेथून तो परत येईपर्यंत यंत्र येऊन गेलेले असेल. सारस मात्र दुसऱ्या परिच्छेदात घालू. न्यायालयाचे नाव आले म्हणजे कारकून कागद तळाशी ठेवीत नाही.”

“निदान देवधान तरी नावाने घाला.”

रावसाहेबांनी लेखणी क्षणभर थांबविली. “तेवढे नको,” ते म्हणाले. “धान हा शब्द पाहून कोणी हुशार तलाठी त्यावर पिकाची नोंद करील, आणि पुढल्या साली मच्छीमार संस्थेस शेतसाऱ्याची नोटीस येईल.”

बाई खळखळून हसल्या. गुरुजी हसले नाहीत; त्यांनी अर्ज मागून घेतला, रावसाहेबांच्या सहीच्या वर थोडी जागा शिल्लक आहे याची खात्री केली, आणि तेथे आपल्या बारीक अक्षरात देवधानाचे शास्त्रीय नाव लिहून कागद परत केला.